मायचा हंडा आणि काचेची टाकी

काचेची ती टाकी मी मायसाठी आणली असं सगळ्यांना सांगत असे. बायकोलाही तसंच सांगितलं होतं. खरं म्हणजे ती मी माझ्यासाठी आणली होती.

आबा, म्हणजे माझे वडील, आजारी पडले तेव्हा मी अक्कलकुव्याला नोकरीला होतो. तिथून म्हसावदच्या अलीकडचं आमचं गाव काही फार लांब नाही. सकाळी मोटारसायकलवर निघालं तर जेवणाच्या आत पोचता येतं. मनात आणलं असतं तर दर रविवारी गेलो असतो. मी फोन करायचो. माय म्हणायची, "बरं शे, भाऊ. तू काळजी नको करू." आणि मी ते खरं धरायचो, कारण खरं धरणं सोयीचं होतं. आबांच्या पोटात पाणी होत होतं. शहाद्याच्या डॉक्टरांनी लिव्हर गेलंय म्हणून सांगितलं. आबांच्या गळ्यात माळ होती, दारूच्या वाटेला ते आयुष्यात गेले नव्हते. डॉक्टर म्हणाले, कधीकधी कारण सापडत नाही. गावाला मात्र ते लगेच सापडलं. चोरून पीत असतील, असं कुणीतरी दुकानावर बोललं आणि ते मायच्या कानावर आलं.

आबा गेले. त्यांचे दिवस होईपर्यंत माय मला एकच विचारत राहिली, की आबांना हे झालं कशानं. मी तरी काय सांगणार? मी तिथे नव्हतोच. शेवटचे काही महिने त्यांना उठवणं, बसवणं, पाणी पाजणं हे सगळं तिने एकटीने केलं होतं. पुढे तिने विचारणं सोडलं, आणि त्याबरोबर बोलणंही जवळजवळ सोडलं.

मी बदली मागून शहाद्याला आलो आणि बायकोसह गावातल्या घरी राहू लागलो. आता उशीर झाला होता हे मला कळत होतं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की माय ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली दिसायची. मी विचारायचो, "जेवनी का?" ती मान हलवायची. मग मी मोबाइल काढायचो.

लोणखेड्याला ऑफिसातल्या एका सोबत्याच्या घरी मी पहिल्यांदा तशी टाकी पाहिली. मासे नव्हते. आत हिरवं रान होतं, दगडावर शेवाळ, गवतासारखी पाती, आणि त्यातून बोटाच्या पेराएवढे लालभडक झिंगे हळूहळू चालत होते. सारखे काहीतरी वेचून खात होते, शेतात बाया कापूस वेचतात तसे. सोबत्याचे वडील समोर खुर्ची टाकून बसले होते. सोबती म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याला टीव्ही नको, हे पाहिजे." मला वाटलं, आपल्यालाही हेच पाहिजे. मायशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. ही टाकी माझ्या बदली तिच्याशी बोलेल असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं.

बायकोने ते लगेच ओळखलं. मायला ती आत्या म्हणते. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "आत्यासंगे दोन शबद बोलानं सोडीसन तुम्ही झिंगा आनी ऱ्हायनात."

"तिचं मन रमेल."

"रमी ना. पन कोनं?"

मी टाकी आणली.

आमच्या घरात मांसमच्छी चालत नाही. झिंगे म्हटल्यावर मायने माझ्याकडे पाहिलं. "घरमा झिंगा? देवघरनी भितले लागीसन?" आबा गेल्यापासूनचं तिचं ते पहिलं लांब बोलणं असेल. मला बरं वाटलं. खायचे नाहीत, फक्त पाळायचे, त्यांची पिल्लं होतील, असं मी समजावलं. तिने पदर सारखा केला आणि पुन्हा खांबाला टेकली.

टाकी मांडायला मी फार मन लावून बसलो. पुष्कळ व्हिडिओ पाहिले. तळाची माती बांधावरच्या जुन्या बाभळीखालून आणली, जिथे कधी फवारा पोचला नव्हता. गव्हाच्या चाळणीने चाळली म्हणून बायकोची बोलणी खाल्ली. मातीवर गोमाईची धुतलेली वाळू पसरली. माती उठू नये म्हणून आत थाळी ठेवून तिच्यावर पाण्याची धार सोडली. सुरतेहून वनस्पती आणल्या. शेवाळ दगडाला बांधायला मायच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला. हवेचा छोटा पंप लावला, त्याच्या नळीला स्पंजाचा बोळा, त्यातून बुडबुडे येत राहिले. लाइट गेली तर पंप बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टरवर जोडला.

त्यानंतर नुसती वाट पाहायची होती. नव्या पाण्यात झिंगे टाकले तर मरतात. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू तयार व्हावे लागतात, तेच घाण पचवतात. टाकी आधी गढूळ झाली, मग तिला पावसाळी डबक्यासारखा वास यायला लागला, मग एकदाची नितळ झाली. गवत वाढायला लागलं. झिंगा एकही नव्हता. माय जाता-येता पाहायची. एक दिवस म्हणाली, "इतला दिन व्हयनात, नुसतं पाणीच पाळी ऱ्हायना तू."

माझा चुलत भाऊ शेजारीच राहतो. आमची भिंत एक आणि ओसरीही एकच. त्याची पपई आणि कापूस आहे. तो वाकून टाकीत बघायचा. "दादा, मच्छर पाळेल शेत का?"

"झिंगे येणार आहेत."

"मोठी माय, तू तरी सांग. झिंगा कव्हय तळशात?"

माय म्हणाली, "पहिले तुले तळसू."

भाऊ हसला. स्वयंपाकघरातून बायकोने मान बाहेर काढली. मला वाटलं, टाकीचं काम झालं. झिंगे आले नसते तरी चाललं असतं.

प्रत्येक व्हिडिओत एक गोष्ट बजावून सांगितलेली असायची. झिंग्यांच्या पाण्यात तांबं जाता कामा नये. अगदी थोडं तांबंही त्यांना विष असतं, पिल्लांना तर फारच. मी हे नीट ऐकलं. आणि तांबं म्हटल्यावर माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराच्या डोळ्यांपुढे जे येतं तेच आलं, मोरचूद. पपईवर फवारायला भाऊ मोरचूद आणि चुना कालवतो. त्या निळ्या खड्यांची गोणी आणि फवारणीचा पंप आमच्या सामाईक ओसरीत पडलेला असे. मी त्याला ते सगळं खळ्यात न्यायला लावलं.

"तुन्हा झिंगासाठे मन्ही पपई मरू देऊ का?" तो म्हणाला. पण गोणी उचलली.

फवारून आलेल्या कुणी टाकीजवळ यायचं नाही, असं मी घरात सांगितलं. मी स्वतः कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाण्यात बोट घालत नसे. इतकी काळजी घेतली. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. कुठे काळजी घेतली आणि कुठे नाही, ते दिसावं म्हणून लिहितो आहे.

दुसरी एक गोष्ट व्हिडिओत सांगतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून पाणी रात्रभर ठेवून मग टाकावं. आमच्या बोअरचं पाणी जड, काचेवर पांढरे थर धरतं. म्हणून टाकीतलं आटलेलं पाणी भरून काढायला नळाचं, रात्रभर ठेवलेलं पाणी पाहिजे होतं. ते आमच्या घरात आयतं होतं. मायच्या हंड्यात.

तो हंडा मायच्या माहेरचा, लग्नात आलेला. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर पितळी झाकण घालून ठेवलेला असतो. संध्याकाळी नळ आला की माय फडक्यातून गाळून त्यात पाणी भरते. ते रात्रभर मुरतं आणि सकाळपासून घरदार ते पितं. आल्यागेल्याला तेच द्यायचं. चिंच आणि मीठ लावून ती तो असा घासते की खिडकीतून ऊन आलं तर कट्ट्याकडे बघवत नाही. आबांना शेवटी फ्रीजचं पाणी सोसत नव्हतं, माठाचं नको वाटायचं. ते हंड्याचंच मागायचे. माय चमच्याने पाजायची. हे मला तिनेच नंतर सांगितलं.

झिंगे यायच्या आदल्या दिवशी मी हंड्यातून एक लोटा भरला आणि मायच्या देखत काचेच्या कडेने टाकीत सोडला. म्हटलं, "माय, असं रोज थोडं थोडं टाकत जाय. हंडानंच टाक. नळनं नको."

"मी टाकू?"

"तूच टाक. मी ऑफिसले जास."

तिने लोटा माझ्या हातातून घेतला. तांब्याचा हंडा माझ्या डोळ्यांसमोर होता. मोरचुदाची गोणी मी खळ्यात पाठवली होती. दोन्ही एकच आहे, हे माझ्या मनात आलं नाही. जन्मल्यापासून ज्यातलं पाणी प्यालो त्याला कुणी तांबं म्हणत नाही, हंडा म्हणतात.

झिंगे सुरतेहून प्लास्टिकच्या पिशवीत आले. त्यांना एकदम नव्या पाण्यात सोडत नाहीत. टाकीतलं पाणी थेंबथेंब त्यांच्या भांड्यात सोडायचं, म्हणजे त्यांना सवय होते. बारीक नळी हवी होती. मी शोधाशोध केली आणि कपाटाच्या तळाशी सलाइनची एक न वापरलेली नळी सापडली. तिला ती गोल चावी होती, थेंब कमीजास्त करायची. मी ती टाकीला लावली तेव्हा माय मागे उभी होती.

"हाई आबानी नळी शे ना?"

मी हात काढून घेतला. "हो. दुसरी आनू का?"

"ऱ्हाऊ दे. कामले लागी." ती खाली बसली आणि चावी स्वतःच्या हाताने फिरवली. थेंब किती वेगाने पडायला पाहिजे हे तिला माहीत होतं. मी किती दिवस घरी नव्हतो, ते मला त्या चावीवरच्या तिच्या बोटांत दिसलं.

त्यानंतरचा काळ चांगला गेला. मायची बसायची जागा खांबापासून टाकीसमोर आली. सकाळी लोटाभर पाणी काचेच्या कडेने सोडायची, देवाला घालते तसं, धार न तोडता. पालकाचं उकडलेलं पान टाकायची. संध्याकाळी मी आलो की सांगायला काहीतरी असायचं. कुणाची कात पडली. पारदर्शक कात, पायांसकट अख्खी, तिने ती मेलेला झिंगा समजून आधी रड मांडली होती. मग एक दिवस मला दारातच हाताला धरून नेलं.

"देख. हाई पोटुशी शे."

झिंग्याची मादी पोटाखाली अंडी धरते, पिवळसर, राळ्याच्या दाण्यांसारखी. आणि मागच्या पायांनी त्यांना सारखा वारा घालते, नाहीतर त्यांना बुरशी येते. माय काचेला नाक लावून बसली होती.

"कशी वारा घाली ऱ्हायनी. झोपस कव्हय हाई?"

माय गावात बाळं न्हाऊ घालायची. आमच्या भावकीतलं क्वचितच एखादं पोर असेल ज्याचं डोकं तिच्या तळव्याने तेल लावून गोल केलं नाही. आबांच्या आजारात ते सुटलं, आणि आबा गेल्यावर कुणी बोलावलं नाही, तीही गेली नाही. आता टाकीतल्या बाळंतिणीची ती रोज खबर घ्यायची. पिल्लं झाली तेव्हा ती तिळाएवढी होती, शेवाळावर चिकटलेली, नीट पाहिल्याशिवाय दिसतच नव्हती. मायला चष्म्याशिवाय दिसली. तिने बायकोला हाक मारली, भिंतीपलीकडून भावाच्या बायकोला हाक मारली. गुळाचा खडा वाटला.

त्याच सुमारास भावाची मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती आणि सातव्या महिन्याची तिची ओटी भरायची होती. भावाच्या बायकोने मायला बोलावलं, "या ना मोठी माय, तुम्हनाबिगर कसं?" माय गेली, पण पाटाजवळ गेली नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड बसून लसूण सोलत राहिली. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. दाराच्या फटीतून ती पोरीकडे बघत होती, असं बायकोने मला सांगितलं.

काही दिवसांतच पिल्लं दिसेनाशी झाली. शेवाळात लपली असतील म्हणून मी सोडून दिलं. मग मोठे झिंगे मरायला लागले. लाल रंग दुधाळ व्हायचा, कुशीवर पडायचे, पाय थोडा वेळ हलायचे. कात अर्धी निघालेली, अर्धी अंगावर. ऊन वाढलं होतं, पाणी भराभर आटत होतं. माय म्हणाली, "त्यासले गरमी व्हई ऱ्हायनी," आणि एका लोट्याच्या जागी दोन लोटे टाकायला लागली, मग तीन. मला ते ठीकच वाटलं. मीही म्हटलं, टाक.

मला वाटलं, फवारा. भावाने कापसावर काहीतरी मारलं होतं आणि वारा आमच्या खिडकीकडून होता. मी त्याच्या दारात गेलो आणि नको ते बोललो. तुला सांगितलं होतं, तुझा हातच तसला, तुला दुसऱ्याच्या जिवाचं काही नाही. तो जेवत होता. ताटावरून उठला नाही, फक्त म्हणाला, "दादा, मन्हा कापूस तठे, तुन्ही टाकी आठे. आनि आबा आजारी व्हतात तव्हय मी होतो आठे. तू नव्हता."

मी घरी आलो. माय सगळं ऐकत होती.

"त्याले का बरं बोलना तू? त्यानं काय करं?"

"मग कशानं मेले?"

"मन्ही नजर लागी." ती साध्या आवाजात म्हणाली, भाजीत मीठ जास्त पडलं असं म्हणावं तसं. "मन्हासारखीनी पोटुशीले इतलं देखाले नको व्हतं. मन्हा हातले आते यश नही."

मी म्हटलं, असं काही नसतं. हे म्हणायला अक्कल लागत नाही आणि त्याने कुणाचं समाधानही होत नाही. माझ्याजवळ दुसरं कारण नव्हतं. ती उठली, लोटा धुऊन पालथा घातला आणि पुन्हा खांबाशी जाऊन बसली.

कारण सापडलं ते सुट्टीच्या दिवशी. माय मोरीत हंडा घासत होती. चिंचेचा चोथा तिने बाजूला टाकला होता आणि मी हात धुवायला गेलो. त्या चोथ्याच्या कडेला हिरवट निळा रंग उतरला होता. मी तसाच उभा राहिलो. तो रंग मी ओळखत होतो. पपईच्या पानांवर फवारा सुकला की तोच रंग दिसतो.

त्या दिवसापासून हंड्याचं पाणी मी बंद केलं. गुपचूप, प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी साठवून टाकलं. टाकीतलं जुनं पाणी थोडं थोडं करून बदललं. जे थोडे झिंगे उरले होते ते मेले नाहीत. पुढे त्यातल्या एकीने अंडी धरली. म्हणजे तेच होतं.

मी बायकोला सांगितलं. भावालाही सांगितलं, त्याच्या शेतात जाऊन. तो पंप पाठीवरून उतरवत म्हणाला, "मंग पंप वापस आनू का ओसरीमा?" एवढ्यावर त्याने ते सोडलं. त्याने सोडलं म्हणून माझं सुटलं असं नाही.

मायला मात्र सांगितलं नाही. सांगितलं तर असं होणार होतं की झिंगे नजरेने नाही, तिच्या हाताने मेले. ज्या हंड्याला ती माहेरचं माणूस असल्यासारखी जपते, त्याने मेले. आणि न सांगितलं तर ती स्वतःला अवदसा समजत राहणार. मी रोज ठरवायचो आणि रोज गप्प बसायचो. गप्प बसण्याची मला जुनी सवय आहे. फोनवरसुद्धा मी तेच करत होतो.

बायको म्हणाली, "सांगशात तर आत्यासाठे सांगा. तुम्हनं वझं उतारासाठे नका सांगू."

मी म्हटलं, "त्यात फरक काय?"

ती म्हणाली, "तो तुम्हलेच माहीत."

मग भावाच्या मुलीला मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर पोरीने निरोप पाठवला, मोठ्या मायनेच बाळाला न्हाऊ घालायचं, दुसऱ्या कुणाचा हात नको. भावाची बायको स्वतः बोलवायला आली. माय चुलीजवळ बसली होती. म्हणाली, "मन्हं अंग दुखस." दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. तेव्हा म्हणाली, "मन्हा हात नको त्याले. कोनी दुसरी देखा." भिंतीपलीकडून बाळ रडलं की तिची मान तिकडे वळायची आणि ती हात पदराखाली घ्यायची.

मला आता सांगणं भाग होतं. दुपारी ती तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो.

"माय, झिंगा तुन्ही नजरनं नही मरनात."

"मंग?"

"तांबानं मरनात. हंडाना पाणीनं. झिंगासले तांबं सोसत नही. मीच तुले सांगं व्हतं हंडानं पाणी टाकाले. चूक मन्ही शे. तुन्हा हातमा काही दोष नही."

ती निवडायची थांबली. मी तिला मोरचुदाचं सांगितलं, चिंचेच्या चोथ्याचं सांगितलं. उरलेले झिंगे जगले, त्यांची पुन्हा पिल्लं झाली हे सांगितलं. मला बोलताना हलकं वाटत होतं. ते मला जाणवत होतं आणि तरी मी बोलत राहिलो. शेवटी म्हटलं, "आते जाय. बाळले न्हाऊ घाल."

तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"तांबं जहर शे?"

"झिंगासले शे. मानूसले नही."

"आबा तेच पाणी पेयेत."

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. इतके दिवस मी सगळ्या बाजूंनी विचार करत होतो आणि हे आलं नव्हतं.

"शेवटला दिनसमा तर मी त्यासले दुसरं पाणी दिधंच नही," ती म्हणाली. "आनि लिव्हर गयं."

मी खूप बोललो. सगळं गाव तांब्याचं पाणी पितं, मी पितो, तू पितेस, आपल्याला कुठे काय झालं? झिंग्याचं अंग वेगळं, माणसाचं वेगळं. ती ऐकत होती. मग मी तिला शहाद्याला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हसून सांगितलं, "आजी, तांब्यातलं पाणी पिऊन कुणाचं लिव्हर जात नाही. उलट लोक मुद्दाम पितात. ते मनातून काढून टाका." माय हो म्हणाली. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना म्हणाली, "त्या डॉक्टरले तव्हय बी कारण माहीत नव्हतं."

तिला कारण पाहिजे होतं आणि ते मी तिला दिलं होतं. गावाने दिलेलं कारण खोटं होतं हे तिला ठाऊक होतं. माझं कारण तिला खरं वाटलं, कारण मी इतकं नीट समजावून सांगितलं होतं, पुराव्यासकट.

हंडा तिने कट्ट्यावरून उतरवला नाही. पालथा घातला फक्त. ती माठाचं पाणी पिते. बाळाला न्हाऊ घालायला ती गेली नाही. आता ते बाळ मान धरतं. भावाची बायको त्याला आमच्याकडे आणते तेव्हा माय लांबून त्याच्याशी बोलते.

टाकी झिंग्यांनी भरली आहे. इतके झाले आहेत की सोबत्याला देऊनही संपत नाहीत. बायको त्यांना पालक टाकते. माय तिकडे जात नाही.

मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी हंडा सुलटा केला. चिंच लावून घासला, मायसारखा जमला नाही. रोज संध्याकाळी मी त्यात पाणी भरतो आणि सकाळी तिच्यासमोर उभा राहून लोटाभर पितो. बायकोला हे पटत नाही. मलाही नीट सांगता येत नाही की मी हे कुणासाठी करतो. मला वाटलं होतं, मला काही होत नाही हे पाहून तिचं मन हळूहळू निवेल.

पहिल्या दिवशी तिने लोट्याला हात घातला. "तू नको पेऊ, भाऊ." मी प्यालो. आता ती अडवत नाही. खांबाशी बसून पाहते. मी जेवतो ते पाहते, चालतो ते पाहते, जरा आडवा झालो तर उठून जवळ येते आणि माझ्या अंगाचा रंग पाहते. टाकीतल्या झिंग्यांकडे ती अशीच पाहायची.

संध्याकाळी घरी आलो की ती माझ्याशी आधी बोलते आता. रोज एकच विचारते.

"भाऊ, पोट दुखस का रे?"